दक्षिणेचं दार

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात. फोन आपले आपण बदलतात, गाडीचं घड्याळ जयंत, म्हणजे माझा नवरा, आठवेल तेव्हा बदलतो, आणि ओव्हनचं घड्याळ माझ्याकडे असतं. दोन बटणं एकदम दाबून धरायची, मग तास, मग मिनिटं. दर वर्षी मी ते विसरते आणि दर वर्षी खणातून मॅन्युअल शोधून काढते. मिशिगनमधल्या या नोव्हाय गावात सोळा वर्षं झाली, मोटारींच्या ब्रेकचे भाग डिझाइन करून पोट भरते, पण या दोन बटणांपुढे माझी पदवी काही चालत नाही. या वर्षीही तेच झालं. घड्याळ एकदाचं मागे गेलं, आणि त्याच संध्याकाळी पाचला ओट्यावरचा दिवा लावावा लागला तेव्हा बाबांचा हिवाळा आठवला.

इथे नव्याने येणाऱ्याला सगळे थंडीची भीती घालतात. जॅकेट कुठलं घे, बूट कसे हवेत, गाडीत फावडं ठेव. अंधाराबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. मिशिगनचा खरा हिवाळा म्हणजे ढग. थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला, नोव्हेंबरअखेर, आभाळ झाकलं जातं ते पार मार्चपर्यंत. आठवड्यातून दोन-तीनदा ऊन पडतं, तेही दुपारचं थोडा वेळ. कामावर जाताना अंधार, घरी येताना अंधार, आणि मधले आठ तास आम्ही ऑफिसातल्या दिव्यांखाली. त्यामुळे काय गमावलं ते आम्हाला कळतच नाही. कळतं ते दिवसभर घरी असणाऱ्याला. चार वर्षांपूर्वी बाबा दिवसभर घरी होते.

आई गेल्यावर दीड वर्षाने बाबा सांगलीहून आमच्याकडे आले, ते कायमचं राहायचं म्हणून. ग्रीन कार्ड झालं होतं. धाकटा भाऊ सांगलीतच आहे आणि तो त्यांना नीट सांभाळत होता, पण मला ते माझ्याकडे हवे होते. बारा वर्षं मी नुसती फोनवरची मुलगी होते. आई गेली तेव्हाही मी विमानातच होते. बाबा इथे राहतात की नाही, हे त्या एका हिवाळ्यावर ठरणार होतं. तसं आम्ही बोललो नव्हतो, पण दोघांनाही ते ठाऊक होतं. जिना नको म्हणून मी त्यांना तळमजल्यावरची खोली दिली. पलंग नवा, गादी नवी, खिडकीला पडदे नवे. ती खिडकी उत्तरेची होती. तिच्यातून सबंध हिवाळ्यात उन्हाचा एक कवडसाही येत नाही, हे त्या घरात आठ वर्षं राहून मला माहीत नव्हतं.

बाबा नगररचना कार्यालयात अनुरेखक होते. रोजच्या भाषेत ट्रेसर. साहेबांनी आखलेला नकाशा ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायचा, चुकलं तर ब्लेडच्या कोपऱ्याने शाई खरवडायची आणि कागद फाटू द्यायचा नाही. कितीतरी गावांचे रस्ते त्यांच्या हाताखालून गेले, पण रस्ता कुठून न्यायचा हे ठरवणं त्यांच्या कामात बसत नव्हतं. त्यामुळे विचारल्याशिवाय मत द्यायचं नाही ही सवय त्यांच्या अंगात मुरली होती. विचारलं की मात्र खरं तेच सांगायचे, समोरच्याला रुचो न रुचो. त्यांचा एक ठरलेला प्रश्न असायचा, "ही रेघ मोजलेली की धरलेली?" मोजलेली रेघ अखंड काढायची, अंदाजाने धरलेली तुटक. मी लहानपणी शाळेतून काही बातमी घेऊन आले की तिलाही हाच प्रश्न. मला त्याचा फार राग यायचा.

घर घेतलं तेव्हाची गोष्ट सांगायला हवी. आमची एजंट अमेरिकन बाई होती, पण इतकी वर्षं आपल्या लोकांना घरं दाखवून अगदी तयार झालेली. यादी पुढे ठेवताना एका घरावर बोट ठेवून ती आपणहून म्हणाली, "धिस वन फेसेस साउथ, सो यू वोन्ट वॉन्ट इट." मी हसले. वास्तुशास्त्रावर माझा काडीचा विश्वास नाही. ते घर बघून आलो, दिवाणखान्यात ऊन होतं, मला आवडलंही. त्या शनिवारी फोनवर आईला सांगितलं.

"दक्षिणेचं दार नको गं बाई," आई म्हणाली. "यमाची दिशा ती. बाकी कुठलंही घ्या."

"आपला विश्वास नसू दे यार," जयंत फोन ठेवल्यावर म्हणाला. "पण उद्या रीसेल करताना घेणारा देसीच असणार ना? तो नाही घेणार."

अशा रीतीने विश्वास नसलेल्या दोन इंजिनिअरांनी विश्वास असलेल्या कुणा भावी गिऱ्हाइकाच्या धाकाने पूर्वेचं घर घेतलं. मॉडेल तेच, रस्ता पुढचा. फक्त घर वळलं होतं. वळल्यावर दक्षिणेला काय येतं, हे आम्ही पाहिलंच नाही. दक्षिणेला गराज आलं होतं. बाबा त्या दिवशी फोनजवळच बसले होते. ते काही बोलले नाहीत, कारण मी त्यांना विचारलं नव्हतं.

बाबा आले त्या वर्षीच्या दिवाळीत, इथल्या महाराष्ट्र मंडळात ओळख झालेली मुक्ता फराळाला आली. ती नागपूरची. आर्किटेक्चर करून इथून पाऊण तासावरच्या विद्यापीठात प्राचीन ग्रीक शहरांवर पीएच.डी. करत होती. देवळं, पुतळे वगैरे नाही, साधी घरं. माणसं कुठे निजत, कुठे रांधत, कुठे बसत. चकल्या खाता खाता तिने हे सांगितलं आणि बाबांनी हातातली ताटली खाली ठेवली. त्यानंतर दर शनिवारी ती जेवायला यायची आणि जेवण झालं की टेबलावर मोठाले छापील कागद पसरायची. गावाचं नाव ओलिंथस. उत्तर ग्रीसमधल्या एका टेकडीवरचं, अडीच हजार वर्षांपूर्वीचं.

"आजोबा, हा बघा एक ब्लॉक," ती म्हणाली. "दहा घरं. पाच या लाइनमध्ये, पाच त्या. मधे ही एकदम नॅरो गल्ली, पाणी जायला."

"कॉन्झर्व्हन्सी लेन," बाबा म्हणाले.

"अय्या, तुम्हाला कसं माहीत?"

"तीस वर्षं काढल्यात. भिंती कशाच्या?"

"खाली दगड, वर कच्च्या विटा."

"म्हणजे जोती राहिली, भिंती गेल्या." मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एका रेघेवर नखाने खूण केली. "ही भिंत सापडली का तुम्ही धरली?"

मुक्ताने लॅपटॉप उघडला, बराच वेळ काहीबाही चाळलं, आणि ओशाळून म्हणाली, "धरलीय, आजोबा."

"मग तुटक काढा. वाचणारा फसतो."

तिथून तो ब्लॉक ट्रेसिंग पेपरवर नव्याने उतरवायचं काम बाबांनी अंगावर घेतलं. मुक्ताला त्याची गरज नव्हती, तिचं सगळं कॉम्प्युटरवर होत होतं. पण ती शहाणी मुलगी, तिने चांगला ट्रेसिंग पेपर आणि शाईची पेनं आणून दिली. बाबांना इथे येऊन दोन महिने झाले होते आणि तेवढ्या दिवसांत मी प्रथमच त्यांना सकाळी घाईने चहा पिताना पाहिलं.

त्या नकाशात काय होतं ते मला मुक्तामुळे कळलं. आसपासची, समुद्रकाठची गावं सोडून लोक त्या टेकडीवर राहायला आले. तिथे सरळ रस्ते आखले, सारखे ब्लॉक पाडले, सारखे प्लॉट दिले. घराचं दार ज्याच्या त्याच्या रस्त्याकडे, मग ती कुठलीही दिशा असो. पण अंगण जवळजवळ प्रत्येक घराचं दक्षिणेलाच. अंगणाच्या उत्तरेला खांबांची ओसरी, दक्षिणेकडे उघडी, आणि ओसरीच्या मागे राहायच्या खोल्या. एखादं घर असं असेल तर त्याला योगायोग म्हणावं. ओळीने सगळीच तशी, म्हणजे कुणीतरी आधी उन्हाचा विचार केला होता आणि मग रस्ते आखले होते. आमच्या वसाहतीतही प्लॉट सारखे आहेत, घरं ओळीने आहेत, आणि आम्हीही आपापली गावं सोडूनच आलो आहोत. आमच्याकडे आधी गाड्यांचा विचार झाला, एवढाच फरक.

"हे गाव कुठल्या अक्षांशावर?" बाबांनी एकदा विचारलं.

"फोर्टी पॉइंट समथिंग," मुक्ता म्हणाली.

"आणि हे नोव्हाय?"

तिने फोनवर पाहिलं. "फोर्टी-टू अँड अ हाफ."

बाबांनी कोनमापक घेतला आणि कागदाच्या कडेला ओसरीचा उभा छेद काढला. डिसेंबरातल्या दुपारच्या सूर्याची तिरपी रेघ छपराखालून थेट मागच्या भिंतीपर्यंत पोचली. उन्हाळ्यातली रेघ छपरावरच अडली. "म्हणजे त्यांचा आणि तुमचा सूर्य एकच," ते म्हणाले. 'तुमचा' म्हणाले, 'आपला' नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं होतं. मी भांडी घासत होते, घासत राहिले.

आईच्या त्या यमाच्या दिशेबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. सांगलीला दक्षिणेचं ऊन बारा महिने पुरून उरतं. तिथे त्याच्याकडे पाठ करणाऱ्याचं काही बिघडत नाही, उलट घर जरा गार राहत असेल. ती रीत आम्ही इकडे येताना बॅगेत भरून आणली, आणि ज्या उन्हात ती चालून गेली असती ते ऊन तिथेच राहिलं. आईला बोल लावण्यात अर्थ नाही, ती कधी इथे आलीच नाही. मी इथे होते. सूर्याचा कोन काढायला मला पाच मिनिटंही लागली नसती.

डिसेंबरात ओलिंथसचा कागद निम्मा झाला आणि बाबांनी आमच्या घराची पाहणी सुरू केली. हे मला नंतर समजलं. आम्ही दोघं ऑफिसात, आमची इरा, तेव्हा अकरा वर्षांची, शाळेत. साडेबाराला, इथला सूर्य माथ्याशी येतो तेव्हा, बाबा हातात घड्याळ घेऊन खोल्या-खोल्यांतून फिरत. एक दिवस गराजच्या बंद दाराखालून आत आलेली उन्हाची बारीक पट्टी त्यांना दिसली. त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं. आमच्या गराजचं दार बाजूला, दक्षिणेकडे उघडतं. गाड्या कामावर गेलेल्या. दार वर गेलं आणि पंधरा फूट आतपर्यंत ऊन आलं. तेव्हापासून ज्या दुपारी आभाळ उघडेल त्या दुपारी बाबा तिथे बसू लागले. जयंतचं जुनं जॅकेट, कानटोपी, आमची कॅम्पिंगची खुर्ची, मांडीवर फळी आणि फळीवर तो कागद. त्यांनी ते लपवलं नव्हतं. दुपारी काय करता, असं आम्हीच कधी विचारलं नाही.

एका गुरुवारी मी दुपारीच घरी आले. ड्राइव्हवेवर शेजारच्या बाई उभ्या होत्या आणि बाबांच्या हातात त्यांनी आणलेला हॉट चॉकलेटचा कप होता.

"आय थॉट ही वॉज लॉक्ड आउट," बाई मला म्हणाल्या. "पुअर मॅन, इन धिस कोल्ड."

मी हसले, आभार मानले, काहीतरी सारवासारव केली. बाई गेल्यावर बाबांनी शेजारच्या दुसऱ्या खुर्चीकडे हात केला. दुसरी खुर्चीही त्यांनी उघडून ठेवली होती.

"बस, अनू. पाठ लाव बघ भिंतीला, किती ऊब धरलीय. ही तुमच्या घराची ओसरी आहे. वर छप्पर, मागे घर, समोर दक्षिण. सगळं जमून आलंय."

"बाबा, हे गराज आहे."

"नाव काही असू दे."

"लोक काय म्हणतील? म्हाताऱ्या माणसाला गराजमध्ये बसवलंय म्हणतील. आणि वसाहतीच्या असोसिएशनचा नियम आहे, दार उघडं ठेवायचं नाही. दार लावा बघू."

असा नियम आहे, ते खोटं नाही. त्या नियमाची मला त्या क्षणापर्यंत कधी आठवण झाली नव्हती, हेही खरं. मला लाज वाटली होती, बाकी काही नाही. आपण बापाला किती थाटात ठेवलंय हे दाखवायचं होतं, आणि बाप लोकांना फावड्यांच्या आणि रंगाच्या डब्यांच्या मध्ये बसलेला दिसत होता.

"बरं," बाबा म्हणाले. त्यांनी कागद गुंडाळला, दोन्ही खुर्च्या मिटून खिळ्याला लावल्या आणि बटण स्वतःच दाबलं. दार सावकाश खाली आलं. मी आत जाऊन त्यांच्यासाठी खिचडी गरम केली.

त्याच आठवड्यात मी त्यांच्यासाठी एक दिवा मागवला. हिवाळ्यात उदास वाटू नये म्हणून इथे विकत मिळतो, भगभगीत पांढरा. सकाळी अर्धा तास समोर बसायचं. मी सांगितलं तसे बाबा रोज न चुकता बसायचे, हात मांडीवर ठेवून. "आजोबा लुक्स लाइक अ प्लांट," इरा म्हणाली, आणि मी तिला रागावले. रागावले कारण तिचं बरोबर होतं. गराजमध्ये ते पुन्हा गेले नाहीत. ऊन पडायच्या दिवशीही नाही. दहा घरांचा तो कागद त्यांनी जेवणाच्या टेबलावर दिव्याखाली पुरा केला.

जानेवारीच्या अखेरीस एका सकाळी म्हणाले, "मला परत जाऊ दे."

"का, बाबा?"

"इथलं मानवत नाही."

मी ते थंडी म्हणून घेतलं आणि तेच सगळ्यांना सांगितलं. भावाला, जयंतच्या घरी, मंडळातल्या काका-काकूंना. बाबांना थंडी सोसेना, काय करणार, वयच तसं. सगळ्यांनी माना डोलावल्या. इतक्यांदा सांगितलं की मलाही ते पटून गेलं. विमानतळावर त्यांना व्हीलचेअरवर बसवून दिलं तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी म्हणाले, पुढच्या वर्षी उन्हाळ्यात या, तेव्हा थंडी नसते. पुढच्या वर्षी त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला.

मुक्ता आता दुसऱ्या राज्यात शिकवते. मागच्या महिन्यात तिने तिचा पुरा झालेला प्रबंध पाठवला. घड्याळ मागे केलं त्या संध्याकाळी मी तो उघडला. ते गाव दोन-तीन पिढ्याच नांदलं. मग एका राजाचं सैन्य आलं, गाव पाडलं, जी माणसं वाचली ती गुलाम म्हणून नेली. नंतर त्या जागेवर विशेष कुणी काही बांधलं नाही, म्हणून घरं इतकी स्पष्ट सापडली. काही घरांत मागाची मातीची वजनं मिळाली, धाग्यांना ताण द्यायला खाली बांधतात ती. मुक्ताने लिहिलंय की अशी वजनं जिथे मिळतात तिथे कुणीतरी विणायला बसत असावं, जिथे उजेड चांगला तिथे. मी तो परिच्छेद दोनदा वाचला. माणूस कुठे बसत होता हे इतक्या वर्षांनीही मोजता येतं. तो तिथून का उठला, हे मात्र धरूनच चालावं लागतं, कारण विचारायला कुणी उरलेलं नसतं.

माझं माणूस उरलेलं होतं. जवळजवळ चार वर्षं मी दर रविवारी त्यांच्याशी बोलत होते. गोळ्या घेतल्या का, भाजी काय केली, इराला किती मार्क पडले, सगळं विचारत होते.

पुढच्या रविवारी सकाळी मी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ होती. भावाने फोन नेऊन बाबांच्या हातात दिला आणि तो आत गेला. बाबा वाळले आहेत, पण आवाज तोच आहे.

"बाबा, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"तुम्ही इथून परत गेलात ते थंडीमुळे का?"

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला. ते हो म्हणतील अशी मला आशा होती. इतका प्रवास केलेल्या, इतक्या थकलेल्या माणसाने एवढं एक खोटं बोलायला काय हरकत होती.

"थंडी सोसली असती," बाबा म्हणाले. "तू दार लावायला सांगितलंस, म्हणून गेलो."

स्क्रीनवर ते मान थोडी वाकडी करून माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. विचारलं होतं, म्हणून सांगितलं होतं.

"चुकलं माझं, बाबा."

"हो, चुकलं," ते म्हणाले. मग चष्मा परत डोळ्यांवर चढवून त्यांनी मला नीट पाहिलं. "नाश्ता केलास का?"